चावण्याचा हिवाळा

तुरी मळायला सुरुवात झाली की माझा हात आपोआप छातीवर जातो. परवाच शेजारच्या शेतात मशीन धडधडायला लागलं, कुटाराचा पिवळा धुरळा उडाला. कुटार म्हणजे तुरीच्या काड्यांचा, पानांचा, टरफलांचा भुसा. तो कोरडा, खवखवणारा वास नाकात शिरला आणि मी हातातला चहा ओट्यावर ठेवून दारात येऊन उभी राहिले. 'काय व्हयनं?' आमच्या ह्यांनी विचारलं. काही नाही म्हटलं. मला धक्का बसायला फारसं काही लागत नाही, असं घरात सगळेच म्हणतात. अंगावर पाल पडली तर माझा आवाज मारुतीच्या पारापर्यंत जातो, हेही खरं आहे. पण गेल्या हिवाळ्यात जे धक्के बसले ना, ते असे ओरडून मोकळं होण्यासारखे नव्हते. ते आत बसलेत. वर्ष झालं तरी उठायचं नाव घेत नाहीत.

आमच्याकडे हिवाळा हा दातांचा मोसम. उन्हाळ्यात माणूस पीत सुटतो, पावसाळ्यात तळत सुटतो आणि थंडी पडली की चावायला लागतो. तापीच्या पाण्यावर सकाळी धुकं दिसायला लागतं, उत्तरेला सातपुडा धुतल्यासारखा निळा उभा राहतो, सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेल्या घोड्यांचे ट्रक पुलावरून जायला लागतात, आणि जो तो काहीतरी चावत असतो. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा, ओल्या हरभऱ्याचे घाटे, बांधावरची आंबट बोरं, फडावरून मोडून आणलेला ऊस. माझं माहेर शिरपूरकडचं. आम्ही बहिणी अंगणात उन्हाला पाठ करून ऊस खायला बसायचो. दातांनी साल ओढायची, करकरा चावायचं, चोथा थुंकायचा, की पुढचं कांडकं. आई ओरडायची, 'जीभ सोलाई जाई वं पोरीसहोन!' सोलायचीच. गाल ठणकायचे, ओठ चिरायचे, पोट तर केव्हाच भरलेलं असायचं. तरी हात पुढच्या कांडक्याकडे जायचा. पोट भरल्यावरही आपण कशासाठी चावत बसायचो, हा प्रश्न मला इतकी वर्षं पडला नव्हता.

नाना म्हणजे माझे सासरे. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि जीभ गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पाजलेलं पाणीसुद्धा ओठाच्या कोपऱ्यातून गळायचं. डॉक्टरांनी सांगितलं, नीट गिळता येत नाही तोवर सगळं पातळ करून चमच्याने द्या. बरोबरच होतं ते. घास भलतीकडे गेला तर जिवावर बेतलं असतं. मग मिक्सर आला ओट्यावर आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ घरघरायला लागला. वरण, भात, पोळी, दूध, सगळं त्यात. वरून सासूबाईंची तुपाची धार. भाजी कोणतीही असो, बाहेर पडायचं ते एकाच रंगाचं. सासूबाई शेजारी बसून चमचा भरवायच्या, नाना तोंड उघडायचे, गिळायचे, तोंड उघडायचे. माझा चहा निवायच्या आत त्यांचं जेवण आटपलेलं असायचं.

दिवाळीपर्यंत नाना काठी टेकत अंगणात यायला लागले. पाणी ठसका न लागता प्यायला लागले. शब्द तेवढे परतले नाहीत. घशातून आवाज यायचा, त्याचं बोलणं व्हायचं नाही, आणि मग ते मान वळवून घ्यायचे. मिक्सर मात्र चालूच राहिला. कोणी म्हणालंही नाही की आता पुरे. त्याला एक कारण होतं, ते आमच्या भाऊबंदांतल्या माणसालाच कळेल. आमच्याकडे आजाऱ्याला मऊ देणं म्हणजे सेवा. बघायला येणाऱ्या बाया आधी आजाऱ्याच्या वाटीत डोकावतात, मग आजाऱ्याकडे बघतात. 'माय वं, कितली सेवा करी ऱ्हायनी सून! लोण्यानागत करी देस!' असं म्हणून जातात. आणि त्याच वाटीत भाकरीचा तुकडा दिसला असता तर? सुनेने म्हाताऱ्यापुढे कोरडी भाकर टाकली, ही बातमी पुढच्या चार लग्नांत वाढप्यांच्या आधी फिरली असती. म्हणून मऊ. आणखी मऊ.

त्याच दिवसांत आमच्याकडे कोकरं आली. बैल जाऊन बरीच वर्षं झालेली, गोठा ओस. आमच्या ह्यांनी मोबाईलवर बघून बघून डोक्यात घेतलं की मेंढ्या बांधून, खाऊ घालून वाढवायच्या आणि विकायच्या. घरात रणकंदन. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. 'माळकरीना घरमा मेंढरं? आनि ती बी कापाले? लोके तोंडमा शेण घालतीन रे भटू!' भटू म्हणजे आमचे हे; त्यांनी पुष्कळ समजावलं. शेवटी सासूबाईंनी एवढंच कबूल केलं की, मी तिकडे पाहणार नाही. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका अशक्त कोकराला स्वतःच्या हाताने गूळपाणी पाजलं. मी नुसती बघत राहिले. माझ्या बघण्याचाही त्यांना राग आला.

ठेलारी धनगरांच्या कळपातली ती कोकरं. रानोमाळ हिंडलेली, बिचकलेली. त्यांच्यापुढे पेंडीच्या गोळ्या टाकल्या तर हुंगून मागे सरायची, जशी काही आम्ही खडीच वाढली. त्यांना पाला हवा होता. मग थोडी गोळी, भरपूर कडबा, लिंबाच्या डहाळ्या असं चाललं. बघायला फार गोड वाटायचं. अर्धा दिवस ती गव्हाणीशी घुटमळायची. एक पान निवडायचं, काडी सोडायची, दुसरीकडे जायचं, पुन्हा यायचं. दुपार कलली की सगळी खाली बसायची आणि रवंथ सुरू. डोळे अर्धे मिटलेले, जबडे आडवे फिरताहेत, घशात गोळा वर येतोय, पुन्हा चावला जातोय. त्या सगळ्यांचा मिळून एक बारीक, ओला, कुरकुर आवाज यायचा. नानांची खुर्ची आम्ही गोठ्याच्या शेडच्या तोंडाशी उन्हात मांडायचो. तेही तो आवाज ऐकत बसायचे. निदान मला तसं वाटायचं.

मग मार्गशीर्षात ह्यांना कोणीतरी सांगितलं, किंवा मोबाईलवरच कुठेतरी पाहिलं असेल, की कडबा म्हणजे नुसता पोटात कचरा. वजन वाढवायचं असेल तर गोळीच. कोकरांनाही एव्हाना गोळीची चटक लागलेली. हळूहळू कडबा कमी झाला आणि एक दिवस बंदच झाला. 'उपाशी ठेवस का मी त्यासले? भारीमधलं खाई ऱ्हायनात!' आमचे हे अभिमानाने सांगायचे. आणि खरंच, अंगं भरली. पण त्यांची खायची रीतच पालटली हो! बादली वाजली की एकमेकांना ढुशा देत धावायची, खांद्याला खांदा लावून तोंडं गव्हाणीत खुपसायची, आणि मी वळून घरापर्यंत पोचते न पोचते तोच गव्हाण चाटूनपुसून लख्ख. निवडणं नाही, घुटमळणं नाही. मग उभीच राहायची. दिवसभर काही करायलाच नाही. बसली तरी जबडे क्वचित हलायचे. एका दुपारी मी वाळवण उलटवत होते आणि एकदम थबकले. काय चुकतंय ते आधी समजेना. मग लक्षात आलं, शेडमधून आवाजच येत नव्हता. इतकी जनावरं आणि चिडीचूप. 

पहिल्यांदा गव्हाणीचं लाकूड दिसलं. कड कुरतडलेली, आत पांढरं लाकूड उघडं पडलेलं. मला वाटलं उंदीर. मग दाराची फळी. मग सुंभ. आणि मग ती सकाळ. मी पाण्याची बादली घेऊन आत गेले तर एक कोकरू दुसऱ्याच्या पाठीवरची लोकर ओढून ओढून खात होतं. अगं बाई! दातात धरायचं, मान झटकायची, उपटायचं, चावायचं. आणि ज्याची लोकर जात होती ते काय करत होतं? काही नाही. शांत उभं. पाठीवर तळहाताएवढी गुलाबी कातडी उघडी, त्यावर थंडीचे काटे, आणि ते आपलं भिंतीकडे बघत उभं. माझ्या हातून बादली सुटली. 'अहो! मेंढरू मेंढराला खातंय हो!' मी असा आवाज काढला की हे आंघोळीवरून तसेच ओले धावत आले. आधी हसले माझ्यावर. मग त्यांनी कळपात हात घालून एकेकाची पाठ पाहिली आणि हसणं थांबलं. कितीतरी पाठी उघड्या पडल्या होत्या.

घरातही त्या महिन्यात एक गोष्ट घडत होती. मी दोन्ही गोष्टी याच डोळ्यांनी बघत होते आणि तरी मला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटत होत्या. नाना उपरण्याचं टोक चावायला लागले होते. आधी आम्हाला वाटलं, लाळ पुसतात. मग टोकाच्या दशा दिसेनाशा झाल्या. मग वर्तमानपत्राचा कोपरा. मग गोधडीची कड, खाटेची सुतळी. सासूबाई हातातून काढून घ्यायच्या, तोंडात बोट घालून चिंधी बाहेर ओढायच्या आणि पदराआड रडायच्या. 'येडं व्हई गयं व मन्हं मानूस,' एकदा मला म्हणाल्या. मी त्यांना कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. 'मन्हं मानूस.'  मी रागाने भांडी घासायला घेतली, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

यात्रेच्या सुट्टीत सुरतेहून जेठ आले, म्हणजे माझे थोरले दीर. कापड बाजारात नोकरी करून मोठे झालेले, कर्तबगार माणूस, मनाने वाईट नाही. येताना नानांसाठी लोकरीची शाल आणलेली. चार माणसं जमलेली, जेठांनी वाकून नमस्कार केला आणि स्वतःच्या हातांनी शाल नानांच्या खांद्यावर घातली. नानांनी डाव्या हाताने शालीची कड उचलली, निरखली, आणि तोंडात घातली. चावायला लागले. सगळ्यांसमोर!  एक चुलत सासूबाई 'राम राम राम' म्हणत उठल्याच. जेठांचा चेहरा असा झाला की मला तो अजून दिसतो. 

संध्याकाळी ओट्यावर बसून ते म्हणाले, 'आते ह्या आपला नाना नही ऱ्हायना.' सुरतेला अशा म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी एक जागा त्यांनी पाहून ठेवली होती. बायका असतात, डॉक्टर येतो, स्वच्छता असते. 'माय थकी गयी. सुरेखाले पोरं शेत, घर शे. उद्या काही भलतंच गिळी टाकं त मंग?' सुरेखा म्हणजे मी. त्यात खोटं काय होतं? हे मान खाली घालून बसले. मी म्हटलं, 'तापीचं पाणी प्यालेला माणूस तिकडे कोंडून जगेल का?' तर जेठ शांतपणे म्हणाले, 'त्याले आते कोठे समजस?'  नाना चार हातांवर बसलेले, हातात उपरणं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, 'संक्रांत व्हऊ दे. मंग लई जाय.' आणि आत गेल्या. इतक्या वर्षांचा संसार, आणि त्याला मुदत संक्रांतीची! मला तेव्हा सगळ्यांचा संताप आला, सासूबाईंचासुद्धा.

पौषात थंडी कडाक्याची पडली. सासूबाईंनी नानांची धोतरं धुऊन, घड्या करून एका पिशवीत भरायला घेतली. रोज एक भरायच्या, मग काढायच्या, मग पुन्हा भरायच्या. शेडमध्ये लोकर खाणं वाढतच होतं. शेवटी ह्यांनी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टरबाईंना आणलं. तरुण मुलगी, पायात गमबूट, केस बांधलेले. तिने लेंड्या पाहिल्या, तोंडं उघडून पाहिली, आणि मग एका पालथ्या घमेल्यावर बसून कोकरांकडे नुसती बघत राहिली. बराच वेळ. मला वाटलं, हिला काही कळत नाही. मग तिने विचारलं, 'कडबा कुठे टाकता?' हे फुशारकीने म्हणाले, 'कडबा बंद शे, मॅडम. गोळीच दि ऱ्हायनूत.'

'तेच तर,' ती म्हणाली. 'काका, जनावर काय नुसतं पोटासाठी खातं का? त्याला दिवसातले कितीतरी तास चावायला लागतं. चावायचं, गिळायचं, पुन्हा वर आणून चावायचं. त्यानेच लाळ सुटते, पोट जागेवर राहतं. तुमची गोळी क्षणात संपते. पोट भरलं, पण तोंडाचं काय? ते समोर येईल ते चावणार. लाकूड, सुंभ, शेजाऱ्याची पाठ. ही वेडी नाहीत झालेली. तुम्ही त्यांचं चावणं बंद केलंय.'

शेजारी तुरी मळणं चालू होतंच. ह्यांनी ताबडतोब कुटाराची पोती आणून टाकली. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं तसं गोळी कमी आणि कुटार पुढ्यात कायम. कोकरं आधी बिचकली. मग एकाने एक टरफल उचललं, आणि मग जी झुंबड उडाली! पण ही झुंबड वेगळी. धसमुसळी नाही. नाकं खुपसून, निवडून, काडी बाजूला सारून, घुटमळत. चार-सहा दिवस गेले असतील. मी दुपारी शेडवरून जात होते आणि तो आवाज आला. बारीक, ओला, कुरकुर. मी आत डोकावले. सगळी बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, जबडे आडवे फिरताहेत. उघड्या पाठी तशाच होत्या, पण त्यांच्याजवळ कोणी जात नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने म्हणाले, 'बघा नाना, सुधारली!'

आणि वळले. नाना खुर्चीत. तोंडात उपरणं. जबडा आडवा फिरतोय. डोळे कोकरांवर.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी तिथेच कुटारात बसले. हा माणूस महिनाभर सांगतोय! सगळ्या घराला सांगतोय! बोलता येत नाही म्हणून उपरण्याने सांगतोय, गोधडीने सांगतोय, सगळ्या भाऊबंदांसमोर नव्या शालीने सांगितलं. दात बत्तीसच्या बत्तीस नसले तरी बरेचसे शाबूत, आणि त्यांना पोळ्यापासून काही काम नाही. बाहेर सगळा मुलूख ऊस चावतोय, शेंगा चावतोय, आणि ह्यांच्या तोंडात चमचा! आणि आम्ही त्याला वेड म्हणतोय, पिशव्या भरतोय, सुरतेला पाठवतोय. बाप रे! मला रडूही येईना. नाना माझ्याकडे बघत होते. त्यांनी उपरणं तोंडातून काढलं आणि मांडीवर ठेवलं, जसं काही कोणी मोठं माणूस आल्यावर विडी विझवावी.

घरात सांगितलं तर ह्यांनी मलाच वेड्यात काढलं. 'नाना काय मेंढरू शे का?'

'मेंढराचं तरी तुम्ही ऐकलंत!' माझा तोल गेला. 'त्याच्यासाठी डॉक्टर आणलात गाडी करून! बापासाठी कोणाला विचारलंत?'

सासूबाई मधे पडल्या. 'आनि अडकनं तर? गळामा अडकनं तर काय करशी वं?' त्यांचं भय खरं होतं. झटक्याच्या दिवशी नानांचा घास अडकला तेव्हा त्याच शेजारी होत्या. मी म्हटलं, आपल्या मनाने काही नको. डॉक्टरांना दाखवू. ते नको म्हणाले तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. पण सण तोंडावर, डॉक्टर सणापुरते गावाला गेलेले. संक्रांत आली, तिळगूळ झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच जेठांची गाडी अंगणात उभी. पिशवी ओट्यावर तयार. मी जेठांसमोर जाऊन उभी राहिले. आमच्याकडे जेठांशी सून एवढ्या मोकळेपणाने बोलत नाही, पण पदर खोचला आणि म्हटलं, 'भाऊ, आधी शहाद्याला डॉक्टरांकडे नेऊ, आणि मग घरी एक जेवण. त्यानंतर तुम्ही म्हणाल ते.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, 'चाल. एक जेवननीच गोट शे ना.'

डॉक्टरांनी नानांना पाणी पाजलं, गळ्यावर बोटं ठेवून गिळताना पाहिलं, मग बिस्किटाचा तुकडा दिला, मग आणखी एक. ठसका नाही. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. 'अजून पातळच देताय? ते तेव्हापुरतं होतं हो. ताठ बसवून, लहान घास, घाई नाही, जवळ कोणीतरी बसायचं. द्या की भाकरी.' इतकं सोपं! 'द्या की भाकरी.'  गाडीत सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि पदर तोंडात कोंबून हुंदका दाबत होत्या.

घरी येऊन मी चूल पेटवली. ज्वारीची भाकरी थापली, चांगली फुगवली, कड खरपूस केली. वर मेथीची भाजी, तेल थोडं जास्त. नानांना पाटावर भिंतीला टेकवून ताठ बसवलं. सासूबाई पाण्याचा तांब्या धरून शेजारी. मी भाकरीचा वरचा पापुद्रा काढून, लहान तुकडा करून पुढे धरला. नानांनी तो माझ्या हातातून घेतला नाही. त्यांनी डावा हात ताटात घातला आणि स्वतः भाकरी मोडली. वास घेतला. तोंडात घातली.

जबडा फिरला. एकदा, दोनदा. वाकड्या बाजूने थोडी भाजी ओघळली, सासूबाईंनी पुसली. आम्हाला तो चावण्याचा आवाज ऐकू येत होता.  गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ठसका नाही. पुन्हा हात ताटात. नाना डोळे मिटून खात होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचं कोणाला सुचेना. हे दारात उभे होते, ते वळून अंगणात निघून गेले.

जेठांनी मात्र पिशवी उचललेली होती. त्यांचंही चुकत नव्हतं. भाकरी खाल्ली म्हणजे माणूस समजूतदार झाला, असं कोणी सांगितलंय? सुरत लांब, दिवस लहान. ते हळूच म्हणाले, 'नाना, चाला आते.' नाना चावत होते. जेठ पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने, लहान मुलाला समजवावं तसं. नानांनी डोळे उघडले. डावा पंजा वर केला. थांब. तोंडातला घास नीट चावून संपवला, गिळला. सासूबाईंच्या हातून पाण्याचा घोट घेतला. जेठांकडे सरळ बघितलं आणि ओढत, अडखळत, पण एक अक्षर न गाळता म्हणाले,

'तू जाय. मी जेवी ऱ्हायनू.'

आणि पुढचा तुकडा मोडला.

 जेठ तसेच उभे, तोंड उघडं, आणि मग ते उंबऱ्यातच बसले. सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. उठल्या, लेकाच्या हातातली पिशवी ओढून घेतली, आत गेल्या आणि नानांची धोतरं एकेक झटकून पुन्हा दांडीवर टाकली.